डोळ्यातलं कुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण सगळ्यांनीच शाळेत कधी ना कधी वाक्यात उपयोग करून लिहिली आहे. म्हणीतलं कुसळ म्हणजे अगदी क्षुल्लक गोष्ट. पण शेतात काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यात खरंखुरं कुसळ गेलं, तर ते क्षुल्लक राहीलच असं नाही. त्याच्या टोकावर बुरशीचे बीजाणू असतील, तर त्या एवढ्याशा टोचणीतून डोळा जाऊ शकतो.

बुबुळाला होणाऱ्या बुरशीच्या संसर्गाचे जगभरात दरवर्षी दहा लाखांहून जास्त रुग्ण असावेत, असा अंदाज २०२१ साली 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगांवरील नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक आशिया आणि आफ्रिकेतले, आणि त्यातही शेतात राबणारे. त्याच अंदाजानुसार त्यांपैकी आठ ते अकरा टक्के रुग्णांचा डोळा शेवटी काढावा लागतो. आपल्यापैकी अनेकांची घरं आज हैदराबाद, बेळगाव किंवा इंदूरच्या फ्लॅटमध्ये असली, तरी मामा, काका, आत्या यांच्यापैकी कुणी ना कुणी अजून शेतीवर आहे. म्हणून हा विषय आपल्या अंकात यावा असं वाटलं. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. पण गेल्या वर्षी घरातच हा आजार पाहिला, आणि त्या निमित्तानं बरंच वाचलं, डॉक्टरांना बरंच विचारलं.

काच स्वच्छ ठेवण्याची किंमत

आपण ज्याला सरसकट बुबुळ म्हणतो, त्याच्या पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल. घड्याळावर काच असते तसा. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. एवढ्यात पाच थर असतात. सर्वांत वर पेशींचं पातळ आवरण, आणि जाडीचा जवळजवळ नऊ-दशांश भाग कोलॅजेनच्या तंतूंचा. हे तंतू इतक्या शिस्तीत, इतक्या सारख्या अंतरावर रचलेले असतात की प्रकाश त्यांतून न विखुरता आरपार जातो.

या पारदर्शकपणासाठी शरीरानं एक मोठी तडजोड केली आहे. पारपटलात रक्तवाहिन्या नाहीत. प्राणवायू हवेतून, अश्रूंमार्फत मिळतो. रक्तवाहिन्या असत्या तर सगळं तांबूस, अस्पष्ट दिसलं असतं. पण रक्तवाहिन्या नाहीत म्हणजे रक्तातून येणाऱ्या संरक्षक पांढऱ्या पेशींची ये-जा जवळपास नाही. त्या पेशी पारपटलाच्या कडेला, बुबुळाचा काळा भाग आणि पांढरा भाग जिथे मिळतात तिथपर्यंतच्या वाहिन्यांमध्ये असतात. हाक आली की तिथून निघून मध्यापर्यंत चालत यायचं.

मग रोजच्या रोज संरक्षण कोण करतं? पापण्या आणि अश्रू. पापणी लवली की काच पुसली जाते. अश्रूंमध्ये लायसोझाइम असतं. पेनिसिलिनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंगनी पेनिसिलिनच्या आधी शोधलेला पदार्थ तो हाच. त्याच्या अभ्यासासाठी ते लिंबाचा रस वापरून प्रयोगशाळेतल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आणत! अश्रूंमध्ये लॅक्टोफेरिनही असतं. ते लोह पकडून ठेवतं. जिवाणू असो की बुरशी, वाढायला लोह लागतंच. म्हणजे घुसखोराला शिधाच मिळू द्यायचा नाही, असा हा बंदोबस्त. शिवाय वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की बीजाणूंना आत शिरायला फट सापडत नाही. हवेत बुरशीचे बीजाणू कायम तरंगत असतात, ते रोज आपल्या डोळ्यांत पडतात आणि रोज वाहून जातात.

सगळं बिघडतं ते या भिंतीला ओरखडा पडला की.

मामांचं सोयाबीन

माझे मामा नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेजवळ शेती करतात. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी चालू असताना यंत्रातून उडालेल्या भुसकटातलं काहीतरी त्यांच्या उजव्या डोळ्यात गेलं. मामींनी पाण्यानं डोळा धुतला, पदराच्या टोकानं कण काढायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी डोळा लाल. तालुक्याच्या गावच्या एका औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आली. आईनं फोन केला तेव्हा मामा म्हणाले, "काही नाही माय, कुसळ गेलतं. ड्रॉप टाकलाय, लाली उतरली बघ."

लाली खरंच उतरली होती. ठणका कमी झाला होता. मामा पुन्हा मळणीला गेले. आठ-नऊ दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला आणि त्या डोळ्यानं धुरकट दिसायला लागलं. बाराव्या दिवशी ते हैदराबादला आमच्याकडे आले, तेव्हा ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा होता आणि त्याच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या होत्या.

डॉक्टरांनी थेंब टाकून डोळा बधिर केला, ठिपक्याचा कडेचा थोडासा भाग खरवडला, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याच दिवशी उत्तर मिळालं. फांद्या फुटलेले धागे, म्हणजे बुरशी. पुढे काही दिवसांनी वाढवलेल्या नमुन्यातून नाव कळलं: फ्युझेरियम. नाव परकं वाटलं तरी मामांचा या कुळाशी जुना परिचय आहे. हरभऱ्यावर आणि तुरीवर जो मर रोग पडतो, तो याच कुळातल्या बुरशींमुळे. आपल्याकडे डोळ्यात सापडणारी दुसरी नेहमीची बुरशी म्हणजे अ‍ॅस्परजिलस, भुईमुगाच्या शेंगांवर वाढणारी.

न शिकवता येणारी ओळख

आता मूळ प्रश्न. मामांच्या डोळ्यानं ही बुरशी आधी कधी आत घेतलेली नव्हती. तिची लस नव्हती. मग शरीरानं तिला ओळखलं कसं?

माझ्या कामातलं उदाहरण देते. संगणकातला घुसखोर ओळखायच्या दोन पद्धती असतात. एक, आधी पकडलेल्या व्हायरसांची यादी ठेवायची आणि नवीन फाइल त्या यादीशी ताडून पाहायची. दुसरी, यादीत नसलं तरी 'असं वागणारा कार्यक्रम संशयास्पद' असे ठोकळ नियम पहिल्या दिवसापासून बसवून ठेवायचे. आपल्या शरीराकडेही दोन्ही आहेत. लसीमुळे किंवा आजारामुळे जी शिकते ती पहिली. तिला तयार व्हायला दिवस लागतात. जन्मतःच मिळते ती दुसरी, उपजत प्रतिकारशक्ती. ती काही तासांत कामाला लागते, आणि डोळ्यातल्या बुरशीशी पहिली लढाई तीच लढते.

तिचा ठोकळ नियम काय? बुरशीच्या पेशीला भिंत असते, आपल्या पेशीला नसते. त्या भिंतीत बीटा ग्लुकान नावाची साखरेची साखळी असते, जी आपल्या शरीरात कुठेच बनत नाही. आपल्या संरक्षक पेशींवर डेक्टिन-१ नावाचा एक पकडहात असतो, तो नेमका ही साखळी धरतो. २००१ साली ब्रिटनमध्ये गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी हे दाखवलं. साखळी हाताला लागली की पेशी धोक्याचे रासायनिक निरोप सोडते.

बुरशीही कच्ची नाही. अ‍ॅस्परजिलसच्या सुप्त बीजाणूवर रोडए नावाच्या प्रथिनाचं पाणी न धरणारं वेष्टन असतं. त्याखाली बीटा ग्लुकान झाकलेलं राहतं आणि बीजाणू ओळखू येत नाही. म्हणूनच आपण दिवसभर श्वासातून बीजाणू घेतो तरी शरीर उगाच आरडाओरडा करत नाही. पण बीजाणूला रुजायचं असेल, तर फुगावं लागतं, वेष्टन फाडून कोंब काढावा लागतो. त्या क्षणी साखळी उघडी पडते आणि चोर ओळखला जातो.

या सगळ्या शास्त्राचा पाया तीन पारदर्शक गोष्टींवर उभा आहे असं मला वाटतं. पहिली, तारामाशाची अळी. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानं बागेतल्या गुलाबाचे काटे पाण्यासारख्या स्वच्छ अळ्यांमध्ये टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. दुसरी, डाफ्निया नावाचा गोड्या पाण्यातला इवलासा पारदर्शक जीव. १८८४ मध्ये मेचनिकॉव्हनं त्याच्या पोटात शिरलेले सुईसारखे बीजाणू आणि त्यांना गिळणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिल्या. ते बीजाणू बुरशीवर्गातल्या एका यीस्टचे होते. म्हणजे पेशी शत्रूला गिळून रोग थोपवतात ही कल्पना, जिच्यासाठी त्याला १९०८ मध्ये नोबेल मिळालं, ती बुरशीच्याच आजारातून पक्की झाली. आणि तिसरी पारदर्शक गोष्ट आपल्या कपाळाखालीच आहे. काटा, बुरशी आणि धावत येणाऱ्या पेशी, तेच नाटक पारपटलात घडतं.

योगायोग असा, की शंभरेक वर्षांनी पुढचं मोठं पाऊलही बुरशीवरच पडलं. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ब्रुनो लमेत्र, ज्यूल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की फळमाशीतला टोल नावाचा जनुक बिघडला तर तिला अ‍ॅस्परजिलसचा संसर्ग आवरता येत नाही. माणसातही टोलसारखे पकडहात आहेत हे लगेच पुढच्या काही वर्षांत कळलं. २०११ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये हॉफमन यांचा वाटा होता.

पांढरा ठिपका कुणाचा?

निरोप गेला की कडेच्या रक्तवाहिन्यांतून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी निघतात. त्या तासांत पोचतात, थोडं जगतात आणि लढताना मरतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकी संशोधकांबरोबर रुग्णांच्या पारपटलाचे नमुने तपासले, तेव्हा ताज्या व्रणांमधल्या बहुतेक पेशी न्यूट्रोफिलच होत्या. मामांच्या बुबुळावर दिसत होता तो पांढरेपणा म्हणजे मोठ्या प्रमाणात त्यांच्याच बाजूचे सैनिक.

बीजाणू लहान असतो तोवर न्यूट्रोफिल त्याला गिळू शकतो. पण त्याचा धागा झाला, की तो पेशीच्या अनेक पट लांब. गिळणार कसा? मग न्यूट्रोफिल धाग्याला चिकटून त्याच्यावर प्राणवायूपासून बनवलेली विखारी रसायनं ओततात. ही रसायनं बनवणारं यंत्र जन्मतः बिघडलेली मुलं असतात. त्यांना अ‍ॅस्परजिलसचा संसर्ग वारंवार आणि गंभीर होतो. त्यावरून या हत्याराचं महत्त्व कळतं. बुरशीकडे त्यावर उतारा असतो. ती विखार निष्प्रभ करणारी प्रथिनं बनवते, आणि लोह हिसकावून आणण्यासाठी सिडेरोफोर नावाचे लहान रेणू बाहेर सोडते.

या झटापटीत खरं नुकसान होतं ते रणांगणाचं. न्यूट्रोफिल जी पाचक द्रव्यं सोडतात ती बुरशी आणि कोलॅजेन असा भेद करत नाहीत. शिस्तीत रचलेले तंतू विरघळतात. बुरशीचीही स्वतःची द्रव्यं असतातच. जखम भरते तेव्हा नवे तंतू येतात, पण आधीच्या रचनेत येत नाहीत. गोधडीला ठिगळ लावावं तसं. प्रकाश तिथे विखुरतो आणि कायमचा पांढरा डाग राहतो. आपल्याकडे 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात ते हेच. हातापायावरचा व्रण आयुष्यभर मिरवता येतो; काचेवरचा तेवढाच व्रण दृष्टी घेऊन जातो. म्हणून डॉक्टरांची कसरत दुहेरी असते. फौज पुरेशी हवी आणि वेळेत परतायलाही हवी.

लाली उतरली, आणि

आता मामांच्या पहिल्या बाटलीकडे येऊ. ती आईनं पिशवीतून काढून डॉक्टरांपुढे ठेवली. बारीक अक्षरांत दोन नावं होती. एक प्रतिजैविक, जे जिवाणूंवर चालतं, बुरशीवर नाही. दुसरं डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड.

स्टेरॉइड नेमकं त्या निरोपांवर घाव घालतं. धोक्याची रसायनं कमी बनतात, रक्तवाहिन्या आकसतात, न्यूट्रोफिल यायचे थांबतात. लाली उतरते, ठणका थांबतो, रुग्ण खूष होतो. आत मात्र बुरशीला रान मोकळं मिळतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर हल्ला चालू असताना कुणीतरी गजर बंद केला आणि पडदा हिरवा दिसतोय म्हणून सगळे घरी गेले.

स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. नेत्ररोपणानंतर आणि इतर अनेक आजारांत तेच डोळा वाचवतं. पण कुठे, कधी आणि किती, हे स्लिट लॅम्पखाली डोळा पाहिलेल्या डॉक्टरनं ठरवायचं असतं. घरी कुणी डोळ्यांत थेंब टाकत असेल तर बाटली एकदा वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांतलं नाव दिसलं आणि ते नेत्रतज्ज्ञानं या खेपेसाठी लिहून दिलेलं नसेल, तर थांबवून आधी डोळा दाखवा. मध, आईचं दूध, एरंडेल, उगाळलेली मुळी हे घरचे उपायही ओरखडा पडलेल्या डोळ्यात नकोत. त्यांतून आणखी जंतू आत जातात आणि मोलाचे दिवस जातात.

दर तासाला एक थेंब

मामांना नॅटामायसिनचे थेंब सुरू झाले. हे औषध १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून मिळालं, नाव त्यावरूनच. चीजवर बुरशी येऊ नये म्हणूनही ते वापरतात. बुरशीच्या पेशींच्या पातळ आवरणात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशींत नसतं. नॅटामायसिन त्यालाच चिकटतं. २०१३ मध्ये अरविंद रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात नव्या व्होरिकोनाझोलपेक्षा हे जुनं औषध सरस ठरलं, विशेषतः फ्युझेरियमवर. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

औषध चांगलं, पण चिकाटी मागणारं. ते पारपटलात खोल सहज जात नाही, म्हणून सुरुवातीला दर तासाला थेंब. बाटली दर वेळी हलवायची, कारण औषध तळाशी बसतं. दोन वेगवेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं. मी मोबाइलवर गजर लावून दिले आणि भिंतीवर तक्ता चिकटवला. दिवसा आई, संध्याकाळी मी, रात्री मामी. जवळजवळ दोन महिने हे चाललं. बुरशी हटली, डोळा वाचला. त्याच्या मध्यभागी फूल राहिलं. आज मामांना उजव्या डोळ्यानं समोर धरलेली बोटं मोजता येतात, चेहरा ओळखता येत नाही. पारपटल रोपणासाठी त्यांचं नाव यादीत आहे.

शहरातल्या वाचकांनी हा फक्त गावाकडचा आजार समजू नये. २००५-०६ मध्ये अमेरिकेत कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांमध्ये फ्युझेरियमची साथ आली. १६४ रुग्ण निश्चित झाले आणि लेन्स ठेवण्याचं एक द्रावण जगभरातून मागे घेतलं गेलं. लेन्स नळाच्या पाण्यात धुऊ नका, घालून झोपू नका, डबीतलं द्रावण रोज बदला. आणखी एक, कोविडच्या काळात २०२१ मध्ये आपण 'ब्लॅक फंगस' ऐकलं, तो वेगळा आजार. तो नाक-सायनसमधून डोळ्याच्या खोबणीत शिरतो. मात्र अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडमुळे दबलेली उपजत फौज हा धागा तिथेही होता.

आपल्याला करता येईल ते

डोळ्यात पालापाचोळा, भुसकट किंवा माती गेली तर स्वच्छ पाण्यानं धुवा. चोळू नका, पदर-रुमालाचं टोक घालू नका. दुसऱ्या दिवशीही ठणका, लाली, पाणी येणं किंवा उजेड सहन न होणं असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे जा. 'खरवडून तपासणी होईल का?' एवढा एक प्रश्न विचारा. बुबुळावर पांढरं दिसलं तर त्याच दिवशी निघा, पीक थांबेल.

नेत्रदानाबद्दल घरात एकदा बोलून ठेवा. मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत पारपटल काढावं लागतं. चष्मा असलेल्यांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचंही चालतं. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर देशभर नेत्रदान पंधरवडा असतो. त्या वेळी आपल्या मंडळात नेत्रपेढीच्या लोकांना बोलावता येईल. रक्तवाहिन्या नसल्यानं या अवयवाचं रोपण इतर अवयवांपेक्षा सोपं जातं, कारण घेणाऱ्याची संरक्षक फौज परक्या पारपटलापर्यंत सहज पोचत नाही. ज्या तडजोडीमुळे बुरशीला संधी मिळते, तीच इथे कामी येते.

आणि यंदा दिवाळीला गावी जाताना फराळाच्या डब्याबरोबर कडेनं बंद असलेले दोन-चार साधे प्लास्टिकचे गॉगल न्या. मळणीच्या दिवसांत डोळ्यांवर लावायला. सुरुवातीला सगळे हसतील. हसू द्या.